काचेवरची माणसं

रईसा आपा कामाला बसण्याआधी हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवत आणि खिडकीच्या कट्ट्यावरच्या पितळी वाटीत ठेवत. त्या किणकिणीनं आमच्या खोलीतली सकाळ सुरू होई. बाहेर करंजाच्या झाडात ऊन नुकतंच उतरू लागलेलं असे, खाली पोहेवाल्याच्या कढईत झारा खरखरत असे, रिक्षांचे भोंगे एकमेकांत गुंतत असत. आणि त्या सगळ्या गलबल्यातून ती किणकिण वेगळी, निर्मळ ऐकू येई. देवळात शिरण्याआधी पाय धुवावेत तशी. किंवा आपांच्या घरच्या रीतीनं म्हणायचं तर नमाजाआधीच्या वजूसारखी. मग मोकळं झालेलं ते सावळं, निमुळतं मनगट टेबलावर टेके, बोटांत संगणकाची लेखणी येई, आणि समोरच्या पडद्यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा परका दिवस हळूहळू उजळू लागे.

सिडकोतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं हे काम चाले. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या जुन्या छायाचित्रांचा एक मोठा संग्रह तिकडं दूर कुठंतरी होता. त्या काळी चित्रं काचेच्या प्लेटांवर घेत; त्या काचा तिकडंच लाकडी पेट्यांत बंद राहत आणि त्यांच्या प्रती संगणकावरून आमच्याकडं येत. काळानं त्या काचांवर जे जे करून ठेवलेलं असे, ते आम्ही पुसत असू. धुळीचे ठिपके, ओरखडे, बुरशीनं काढलेली नेच्याच्या पानांसारखी नक्षी, एखाद्या चेहऱ्याच्या मधोमध गेलेला तडा. पुसून झालेलं चित्र आम्ही परत पाठवायचं, आणि मग तेच साऱ्या जगानं पाहायचं.

मी बजाजनगरातून येत असे. माझं माहेर गंगापूरकडचं, शेतकऱ्याचं. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला. संगणकाचा एक कोर्स केला होता, तेवढ्या शिदोरीवर मी त्या खोलीत शिरले आणि पहिल्याच दिवशी आपांच्या शेजारच्या खुर्चीवर मला बसवण्यात आलं. त्या आमच्या प्रमुख. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, डोक्यावरून घेतलेला ओढणीचा पदर कधी न ढळणारा. त्यांचे वडील गुलमंडीत फोटोग्राफर होते. कृष्णधवल चित्रांत हातानं रंग भरण्यात त्यांचा हातखंडा. नवरीच्या ओठांवरची लाली, शालूच्या काठावरची जर, बाळाच्या टोपीवरचं गोंड्याचं फूल, सारं ते ब्रशच्या टोकानं जागं करत. आपा त्यांच्याजवळ बसूनच वाढल्या, मग कला महाविद्यालयात शिकल्या, पुष्कळ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि मुलं मार्गाला लागल्यावर, नवऱ्याच्या पश्चातही हातातल्या बांगड्या न सोडता, या खोलीत येऊन बसल्या.

आमच्या शहरात जागोजागी जुने दगडी दरवाजे उभे आहेत. वाहनं त्यांच्या पोटातून जातात, पोस्टरं त्यांच्या अंगावर डकवली जातात, गावाची नावं बदलतात, आणि दरवाजे आपल्या जागी शांतपणे सावली धरून असतात. आपांचा आत्मविश्वास तसल्या जातीचा होता. त्यांच्या आवाजात चढउतार नसे, चालण्यात लगबग नसे, आणि कुणाचं मन राखण्यासाठी केलेलं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नाही. त्या हसत तेव्हा खरंच काहीतरी गमतीचं घडलेलं असे.

त्या खोलीत मी जे जग पाहिलं ते मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. आयर्लंडच्या दलदलीतून मातीच्या विटा कापून त्या जळणासाठी वाळवत, आणि त्यांनी भरलेल्या टोपल्या पाठीवर घेऊन बाया अनवाणी चालत. स्कॉटलंडच्या बंदरावर मासे कापणाऱ्या पोरी एका ओळीत उभ्या, सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. इंग्लंडातल्या गिरणीगावाच्या अरुंद बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घातलेले. चुलीपुढं पत्र्याच्या टबात उकिडवा बसलेला खाणकामगार, आणि त्याच्या काजळलेल्या पाठीवर पाणी ओतणारी त्याची बायको. साहेब म्हणजे टोपी, बंदूक आणि घोडा, एवढंच मला शाळेनं शिकवलं होतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच मी विचारलं होतं,

"आपा, ह्यांनी आपल्यावर राज्य केलं. अन् आपण ह्यांची तोंडं पुसत बसायचं?"

आपांनी लेखणी न थांबवता माझ्या पडद्याकडं मान केली.

"हिची बोटं बघ. चिंध्या बांधल्यात. हिनं कुणावर राज्य केलं असेल गं? आणि ह्या पुढच्या चित्रातल्या आयर्लंडवाल्यांवर तर इंग्रजांचंच राज्य होतं. चित्र मोठं कर. नीट बघ, मग बोल."

मी ते पुढचं चित्र मोठं केलं. बाईच्या पाठीमागं मातीच्या विटांची रास होती.

"आपा, ह्या तर गोवऱ्या!"

"हौ. मातीच्या गोवऱ्या," आपा म्हणाल्या, आणि हसल्या. "तुझ्या गावाकडं उडवी रचतात ना? तशीच रचलीय."

त्या दिवसापासून मला बघता येऊ लागलं. आपांची शिकवण्याची रीत एवढीच. त्या कधी नियम सांगत नसत; चित्र मोठं करायला सांगत आणि गप्प बसत. त्यांच्या शेजारी बसून मला कळलं की मौनालाही पोत असतो. काही मौनं ताग्याच्या कापडासारखी कोरी, करकरीत असतात; आपांचं मौन धुऊन धुऊन मऊ झालेल्या दुलईसारखं होतं, त्यात माणसाला आपली चूक घेऊनही निवांत बसता येई.

फाल्गुनात, करंजाची जुनी पानं झडून कोवळी, लकाकती पालवी फुटत होती तेव्हा, पुण्याच्या मुख्य कचेरीतून एक नवं सॉफ्टवेअर आलं. आमचे व्यवस्थापक बनसोडे सर भला माणूस. पण वरून फोन आला की त्यांच्या कपाळावर घाम येई. त्यांनी आम्हाला सगळ्यांना एका पडद्याभोवती जमवलं. ज्या चित्रावर माझी अख्खी दुपार गेली असती, ते चित्र त्या यंत्रानं चहाचा घोट गिळेपर्यंत लख्ख करून दाखवलं. तडे गेले, बुरशी गेली, आभाळ निर्मळ झालं. आम्ही बाया टाळ्या वाजवत होतो आणि त्याच वेळी प्रत्येकीच्या मनात आपापल्या खुर्चीचा विचार येत होता. माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात तेव्हा कामगारकपातीची कुजबुज होती.

आपांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नाकही मुरडलं नाही. "धूळ चांगली काढतं," एवढंच म्हणाल्या.

उन्हाळा चढत गेला. यंत्रानं साफ केलेली चित्रं ढिगानं तिकडं रवाना होत राहिली, तिकडून कौतुक येत राहिलं, आणि बनसोडे सरांच्या चेहऱ्यावर आमरसाच्या दिवसांतलं तेज आलं. मग एका दुपारी वीज गेली, पंखे थांबले, खोलीत त्या ओळखीच्या उकाड्याची शांतता पसरली, आणि बॅटरीवर चालणाऱ्या एकाच संगणकापुढं आपा बसून राहिल्या. त्यांनी मला हाक मारली.

पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. डावीकडं आमच्याकडं आलेलं मूळ, उजवीकडं यंत्रानं साफ करून आपण पाठवलेलं. आयर्लंडमधल्या एका बड्या घराच्या पायऱ्यांवर जमीनदाराचं कुटुंब बसलेलं होतं. पांढरे पायघोळ झगे, मांडीवर कुत्रं, म्हाताऱ्याच्या हातात काठी. सारे कोरीव पुतळ्यांसारखे स्वच्छ आणि स्थिर.

"हे नाही. कोपऱ्यात बघ. बाजूच्या दाराशी," आपा म्हणाल्या. "डावीकडल्या चित्रात काय दिसतं?"

"डाग."

"कसला?"

"धुरकट, पांढुरका. भिंतीवर वल आल्यासारखा."

"वलीला पाय असतात का?"

मी वाकून पाहिलं. धुराच्या त्या पट्ट्याखाली जमिनीवर एक बादली होती. बादली स्पष्ट होती, तिची कडीसुद्धा दिसत होती. तिच्या बाजूला बुटाचं एक टोक, मग एप्रनची कड, आणि वर, धुक्यात चंद्र दिसावा तसे दोन पुसट चेहरे. एक पायऱ्यांकडं वळलेला, एक दाराकडं. पण मान एकच होती.

आपांनी मग सांगितलं. त्या काळच्या कॅमेऱ्याला चित्र घ्यायला वेळ लागे. काच उघडी राही तोवर जे हलले नाहीत ते चित्रात उमटले. जे चालत राहिले ते धूर झाले. ही पोर बादली घेऊन जात होती. क्षणभर बादली खाली ठेवली, मालकांचा फोटो निघतोय म्हणून मान वळवून पाहिलं, आणि कुणी हाक मारली असेल म्हणून लगेच दाराकडं निघाली.

मी उजवीकडलं चित्र पाहिलं. दार होतं, भिंत होती, भिंतीवरची वेल होती. यंत्रानं वेलीची पानंसुद्धा पुरी करून दिली होती. पोर नव्हती. बादलीही नव्हती.

मला उगाच हसू आलं. "आमच्या गल्लीत पाणी यायच्या दिवशी कुणी फोटू काढला ना आपा, तर माझा बी असाच यील. नळापासून टाकीपर्यंत नुसता धूर."

आपा हसल्या नाहीत.

"येईल," त्या म्हणाल्या. "आणि मग कुणीतरी तुला पुसून टाकेल. भिंत छान दिसते म्हणून."

त्यानंतर त्यांनी पाठवलेलं एकेक चित्र मूळ चित्राशेजारी ठेवून बघायला सुरुवात केली. मीही बसले. बाहेर शहर तापत होतं, करंजाची सावली मध्यान्हीला झाडाच्या बुंध्याशी येऊन निजत होती, आणि आम्ही दोघी त्या परक्या गल्ल्यांतून हरवलेली माणसं शोधत हिंडत होतो. बाजाराच्या चौकातून ओझं घेऊन लगबगीनं निघालेली बाई गेली होती. गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणारी रांगच्या रांग गेली होती आणि फाटकाशी काठी टेकून उभा असलेला मुकादम तेवढा राहिला होता. एका चित्रात घोडा होता, शांत उभा. त्याच्या लगामाचा दोर आडवा ताणलेला, आणि त्या दोराचं दुसरं टोक हवेत, कुणाच्याही हातात नसलेलं. ते चित्र मी कधीच विसरणार नाही. दोर धरून घोड्याला समजावत, पाय बदलत उभा असलेला मोतद्दार यंत्रानं काढून टाकला होता आणि दोर ठेवला होता.

आपा बनसोडे सरांकडं गेल्या. दार उघडंच होतं. आत काय चाललंय ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आपा, त्यांच्या लक्षात आलेलं नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "एकाही चित्राची तक्रार नाही. उलट शाबासकी आलीय. आपण होऊन सांगायचं म्हणजे सगळं काम परत ओढवून घ्यायचं. कंत्राट जाईल. ह्या बायांचं काय करू मी?"

"तिकडच्या काचा पेटीत बंद आहेत, सर. लोक बघणार ते आपण पाठवलेलं. ती माणसं आता कुठंच नाहीत."

"पण कुणाला दिसलंय?"

"मला दिसलं ना," आपा म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढला नाही. भिंतीत दगड बसवावा तसं ते वाक्य त्या खोलीत बसलं आणि मग कुणालाच हलवता येईना.

त्या संध्याकाळी जिन्यात मी त्यांना गाठलं. "आपा, लई पाया पडते, गप राहा. माझ्या मालकाचं बी काम धड नाय. हे बी गेलं तर पोरीला काय घालू?" खरं सांगायचं तर मला रागही आला होता. परक्या मुलखातल्या, मरून माती झालेल्या पोरीसाठी ही बाई आमचं चालतं काम मोडायला निघाली होती.

आपांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शोभा, तू घाबरतेस ते बरोबर आहे. मी पण घाबरलेय. पण आपलं काम काय आहे सांग. पुसायचं काय आणि ठेवायचं काय, हे कळणं. ते गेलं तर यंत्र पुरे आहे, आपण कशाला?" मग त्या थांबल्या, आणि घरच्या बोलीत, स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, "डरने का नक्को. बोल के देखेंगे."

तिकडच्या संग्रहाचं काम पाहणाऱ्या बाईंचं नाव नोरा होतं; आम्ही आपसात त्यांना नोराबाई म्हणत असू. महिन्यातून एकदा त्या पडद्यावर येत, विरळ पांढरे केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्या दिवशी बनसोडे सर आपांच्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांनी आपांना थांबवलं नव्हतं, हेही त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. आपांचं इंग्रजी शाळेतलं, तुटक, पण ताठ होतं. त्यांनी चूक आमची आहे म्हणून सुरुवात केली. मग बादलीवाली पोर दाखवली, मग रिकामी भिंत दाखवली. मग घोडा.

घोड्यापाशी नोराबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या खिडकीवर तिकडचा पाऊस पडत होता आणि आमच्या खिडकीत वैशाखाचं पांढरं ऊन होतं. "मला हे कसं दिसलं नाही?" असं त्या म्हणाल्या. त्यावर आपा म्हणाल्या की आम्हालाही दिसलं नव्हतं, वीज जाऊन काम थांबलं म्हणून दिसलं. वरिष्ठांशी बोलून कळवते, असं सांगून नोराबाई गेल्या.

मग काम थांबलं. कोरे पडदे, बंद लेखण्या आणि रिकामे हात घेऊन आम्ही रोज येऊन बसत असू. मृगाचे ढग येऊन नुसतेच वाकुल्या दाखवून जात होते. कुणी आपांशी बोलायचं टाळत होती, कुणी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. आपा मात्र रोज वेळेवर येत, संगणक सुरू करत, आणि यंत्रानं मिटवलेली माणसं मूळ प्रतीवरून परत आणून ठेवत. काम येवो न येवो, तेवढं तरी पुरं व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या लेखणीखाली धुराला हळूहळू कड येई, कडेला खांदा येई. जे मुळात नव्हतं ते त्यांनी कधी घातलं नाही. पुसट चेहरा त्यांनी पुसटच ठेवला. नाक-डोळे रेखायचा मोह मला होई. त्या म्हणत, "नक्को. जेवढी आली तेवढीच तिची."

निरोप आला तेव्हा श्रावणसरी पडत होत्या. काम गेलं नव्हतं. यंत्र फक्त धुळीला लावायचं, आणि प्रत्येक चित्र पाठवण्याआधी माणसाच्या डोळ्याखालून, मुळाशी ताडून जायचं, असं ठरलं होतं. हलणारी माणसं काढायची नाहीत, हे तर नोराबाईंनी ठळक अक्षरात घातलं होतं. त्या ओळीमुळं आमच्या खोलीतली एकही खुर्ची रिकामी झाली नाही. पण पुण्याच्या कचेरीला मात्र आपण होऊन चूक कबूल केल्याचा राग आला होता. आपांचं प्रमुखपद काढून दुसरीला दिलं. बनसोडे सरांना ते सांगता येईना. आपांनीच त्यांची सुटका केली. "खिडकीपासली खुर्ची तेवढी राहू द्या," म्हणाल्या. आणि नव्या प्रमुखबाईला अडचण आली की तीच उठून खिडकीपाशी येऊ लागली.

त्या हिवाळ्यात नोराबाई स्वतः आल्या. वेरूळची लेणी बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती, आणि आपांना भेटायचीही. आम्ही तिघी गेलो. पौषातली सकाळ होती; डोंगरावरचं गवत सोनेरी झालेलं, हवेत थंडीचा बारीक कंप, आणि कैलासाच्या त्या अफाट दगडी चौकात ऊन वरून खाली पायरी-पायरीनं उतरत होतं. नोराबाई देवांच्या मूर्तींपुढं थोडाच वेळ रेंगाळल्या. भिंतीवर जिथं छिन्नीच्या तिरक्या खुणा तशाच राहिल्यात, तिथं जाऊन त्यांनी हाताचा तळवा टेकवला आणि उभ्या राहिल्या. मग ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते आपा मला मधूनमधून मराठीत सांगत गेल्या.

त्यांची पणजी लहानपणीच एका बड्या घरी कामाला गेली होती. तिचं चित्र नाही. केस तांबडे होते, एवढीच आठवण घरात उरलेली, आणि तीही सांगणारं आता कुणी नाही. पायऱ्यांवरच्या कुटुंबाचं ते घर त्यांच्या गावापासून फार दूर नव्हतं. नोराबाईंनी आपांचा हात धरला आणि विचारलं, ती पोर माझी पणजी असू शकेल का? तुम्ही तिला इतक्या जवळून पाहिलंय. तुम्हाला काय वाटतं?

हो म्हणणं किती सोपं होतं. ती म्हातारी बाई साता समुद्रापलीकडून आली होती. मी तर हो म्हणून मोकळी झाले असते. आपांनी त्यांच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पणजीबरोबर पाण्याला जाणारी कुणी असेलच ना? ही ती असेल."

नोराबाई रडल्या. रडता रडता मान हलवत होत्या, हो हो म्हणत होत्या. दगडांच्या त्या मौनात दोन बाया हात धरून बसलेल्या, एकीच्या मनगटावर हिरव्या बांगड्या, एकीच्या मनगटावर वयाचे करडे ठिपके. आणि खाली चौकात शाळेच्या सहलीची पोरं दगडी हत्तीभोवती पळत होती, त्यांच्या हाकांचे पडसाद एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जात होते. मला वाटलं, सांत्वन म्हणतात ते हेच असावं. सुखाचं खोटं देऊ नये, आणि खऱ्याच्या थंडीत माणसाला एकटंही सोडू नये.

आपा त्यानंतरचा उन्हाळा पुरा पाहू शकल्या नाहीत. आजार थोड्या दिवसांचा. त्यांनी तोही गाजावाजा न करता आटोपता घेतला. निरोप कळला तेव्हा मी धावत त्यांच्या घरी गेले. बाप्ये मंडळी जनाजा घेऊन गेली होती. आत बाया बसल्या होत्या, कुणी कुराण वाचत होती. मला त्यातलं काही येत नव्हतं. कुणीतरी सरकून मला जागा दिली आणि कुणाची कोण म्हणून विचारलं. "आपांच्या हाताखाली शिकले," मी म्हणाले, आणि मला कळलं की याहून मोठी ओळख मला पुढं कधी मिळणार नाही.

त्या दिवशी परतताना बजाजनगरच्या चौकात रिक्षातून उतरले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटत होती. सूर्य कलला होता. धुळीनं भरलेल्या त्या तांबूस उजेडात डबे, हेल्मेटं, सायकली, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि माणसं, माणसंच माणसं. कुणी घराकडं, कुणी दुसऱ्या पाळीला. माझा नवरा त्यात कुठंतरी होता. पण मी त्याला शोधत नव्हते. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि एकेक चेहरा बघू लागले. एकानं ओळखीची समजून मान हलवली; एक पोरगी ओठ हलवत मनाशी काही हिशेब करत गेली; एक म्हातारा चालता चालता हातरुमालानं मान पुसत गेला. इतकी वर्षं या गावात राहून ही माणसं मी कधी पाहिली नव्हती. उजेड विझत होता आणि एकही जण थांबत नव्हता, कारण त्यांना थांबणं परवडत नव्हतं. तिथं उभी असताना मला वाटलं, काळ माणसं नेतो ही त्याची रीतच आहे, तिथं आपला इलाज नाही. आपल्या हाती एवढंच, की ती जात असताना आपली नजर त्यांच्याकडं असावी. न पाहिलेलं माणूस दोनदा जातं. पाहिलेलं एकदाच जातं, आणि तेही पुरतं जात नाही.